‘म्हणजे तू नक्की करतेस काय?’

माझी आई डोंबिवलीत राहते आणि दर रविवारी फोनवर न चुकता तीन प्रश्न विचारते. जेवलीस का, थंडी किती आहे, आणि तू नक्की काय काम करतेस? पहिल्या दोघांची उत्तरं सोपी आहेत. तिसऱ्याचं उत्तर मी गेली कित्येक वर्षं देतेय, पण शेजारच्या काकूंना सांगता येईल असं एक धड वाक्य अजून सापडलेलं नाही. डॉक्टर आहेस? नाही. नर्स? नाही. मग बाळंतपणाच्या हॉस्पिटलात तुझं काय काम? ‘अगं, डिपार्टमेंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर.’ ‘म्हणजे क्लार्कच ना?’

बॉस, इथे माणूस खचतो.

तर आधी कामच सांगते. अमेरिकेच्या पूर्व भागातलं एक मध्यम शहर. तिथलं मेडिकल कॉलेज, त्याला जोडलेलं मोठं हॉस्पिटल आणि त्यातला स्त्रीरोग-प्रसूती विभाग. २२ डॉक्टर, १६ रेसिडेंट, आणि विभागप्रमुख स्वतः सर्जन, म्हणजे सकाळी सात वाजता ते ऑपरेशन थिएटरमध्ये गायब. मग बजेट, पगार, बिलं, विमा कंपन्यांशी भांडण, नव्या डॉक्टरचा करार, संशोधनाच्या ग्रँटचा हिशोब, रेसिडेंट मंडळींचे तास आठवड्याला सरासरी ८० च्या वर जात नाहीत ना (ही मर्यादा २००३ पासूनची), आणि तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर का रुसलाय, हे सगळं ज्या टेबलावर येऊन पडतं ते टेबल माझं.

या टेबलाची गंमत अशी की ते अख्ख्या इमारतीत एकच असतं. ऑर्थोपेडिकला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे, डोळ्यांच्या विभागाला आहे. चांगले लोक आहेत, आम्ही एकत्र डबा खातो. पण गुडघा बदलायचं ऑपरेशन बुधवारी अकराला ठरवता येतं. बाळं बुधवार-गुरुवार बघत नाहीत. रात्री तीन वाजता एकही पेशंट नसली तरी डॉक्टर, भूल देणारा डॉक्टर, नर्स आणि थिएटर तयार ठेवावं लागतं आणि त्याचा खर्च चालूच राहतो. अमेरिकेत दर दहातली साधारण चार बाळंतपणं मेडिकेड या सरकारी योजनेवर होतात, आणि ती खासगी विम्यापेक्षा बरेच कमी पैसे देते. त्यामुळे हॉस्पिटलच्या हिशोबात प्रसूती विभाग कायम घरातल्या बेरोजगार मुलासारखा. सगळ्यांचा लाडका आणि सगळ्यांना खर्चिक. एकट्या फिलाडेल्फिया शहरात १९९७ मध्ये प्रसूतीची सोय असलेली १९ हॉस्पिटलं होती. २०१२ पर्यंत सहा उरली.

ड्रॉवरमधला फॉर्म

मी या खुर्चीत आले तीसुद्धा वाकडी वाट करून. देवनारच्या ‘टिस’मधून हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन केलं, मुंबईत दोन वर्षं नोकरी केली, लग्न झालं आणि २००९ मध्ये एच-फोर व्हिसावर इकडे आले. एच-फोर म्हणजे नवऱ्याच्या मागे आलेली बायको. स्वयंपाक करू शकते, नोकरी नाही. मे २०१५ मध्ये नियम बदलला आणि ज्यांच्या नवऱ्यांचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्याला पोचलंय अशा बायकांना कामाची परवानगी मिळाली. सहा वर्षं घरी बसल्यावर मी बिलिंगमध्ये चिकटले. दोन वर्षांनी आमच्या जुन्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बाई निवृत्त झाल्या, आणि त्यांची जागा मला मिळाली.

त्या वर्षभर माझ्या डोक्यात एकच भुंगा होता. आपल्याला यातलं काही येत नाही, हे एक दिवस कुणाला तरी कळणार.

बाईंनी ड्रॉवरमध्ये एक फॉर्म ठेवला होता. मेडिकल कॉलेजांच्या स्त्रीआरोग्य विभागांचे जे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असतात, फक्त त्यांचीच एक छोटी संघटना. वर पिवळी चिठ्ठी : ‘पहिल्याच आठवड्यात भर.’ मी तो फॉर्म बॉसला दाखवला. ते म्हणाले, यंदा बजेट नाही. नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, ‘काही शे डॉलर? कशाबद्दल?’ मला सांगता येईना. महिला मंडळासारखं काहीतरी असेल, चहा-बिस्किटं आणि भाषणं, अशी स्वतःची समजूत घातली आणि फॉर्म परत ड्रॉवरमध्ये टाकला.

सपशेल चूक.

५८ टक्के

मार्च २०१८ मध्ये हॉस्पिटलच्या फायनान्सवाल्यांनी एक तक्ता पाठवला. तुमचे डॉक्टर देशाच्या मधल्या पातळीच्या फक्त ५८ टक्के काम करतात. आणि गरोदर बायकांच्या तपासणीचं जे क्लिनिक आठवड्यातून तीन दुपार चालतं, तिथले दोन डॉक्टर तर त्याच्याही निम्म्यावर. प्रस्ताव : क्लिनिक बंद. बैठक नऊ दिवसांनी.

हे क्लिनिक म्हणजे नुसती एक खोली नाही. तिथे येणाऱ्या बायका दोन बस बदलून येतात. पुढचं क्लिनिक आणखी एक बस लांब. आठव्या महिन्यात, बर्फात, कडेवर एक पोर घेऊन तिसरी बस कोण पकडणार? तपासणी चुकते. ब्लड प्रेशर वाढलेलं कळत नाही, आणि मग ती बाई थेट इमर्जन्सीमध्ये दिसते. हे मला माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं. पण तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. विभागप्रमुख मला म्हणाले, ‘आकड्याला उत्तर आकड्यानेच द्यावं लागेल. शोध.’

सॉलिड टेन्शन. त्या रात्री पोरांना झोपवून मी तो फॉर्म काढला आणि स्वतःच्या कार्डावर फी भरली. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. नव्या मेंबरला एक जुनी मेंबर वर्षभरासाठी लावून द्यायची त्यांची पद्धत. माझ्या वाट्याला आली होती टेक्सासची एक बाई. या कामात तिची २६ वर्षं गेलेली, आणि आवाज असा की नळावर भांडायला उभी राहिली तर चाळ जिंकेल. स्वागत वगैरे दोन वाक्यांत उरकून ती म्हणाली, ‘बोल, काय जळतंय?’

मी तक्ता वाचून दाखवला. तिने विचारलं, ‘तुमचे डॉक्टर पेशंट किती वेळ बघतात? पूर्ण वेळ?’ नाही, सरासरी ६० टक्के. बाकी वेळ शिकवणं, संशोधन. ‘आणि तक्त्यात त्यांना पूर्ण माणूस धरलाय की ०.६?’

मी कागद बघितला. पूर्ण माणूस.

५८ भागिले ०.६. कॅल्क्युलेटरवर ९७ च्या जवळ आकडा आला आणि मी खुर्चीतच बसून राहिले. म्हणजे आमचे डॉक्टर आळशी नव्हते, चुकीच्या लोकांशी तोलले जात होते. दिवसभर फक्त पेशंट बघणाऱ्या खासगी डॉक्टरांशी.

पण खरी मेख पुढे होती. इथे डॉक्टरच्या प्रत्येक कामाला एक वजन असतं, त्याला आरव्हीयू म्हणतात. सरकारच्या मेडिकेअर योजनेने १९९२ मध्ये ही पद्धत आणली आणि मग सगळीकडे ती रुळली. बाळंतपणाचं बिल त्या काळी आमच्याकडे बहुतेक वेळा एकाच पॅकेजने जायचं. कोड ५९४००. त्यात नऊ महिन्यांतल्या साधारण तेरा तपासण्या, प्रसूती आणि नंतरची भेट, सगळं एकत्र. आता गंमत बघा. तेरा वेळा तपासलं क्लिनिकच्या डॉक्टरीणबाईंनी. रात्री दोनला कळा सुरू झाल्या तेव्हा ड्युटीवर होते दुसरेच डॉक्टर. पॅकेज कुणाच्या नावावर? ज्यांनी बाळ हातात घेतलं त्यांच्या. क्लिनिकवालीच्या खात्यात शून्य! वर्षभर ती बाई राबते आणि कागदावर ती दुपारभर खिडकीतून बाहेर बघत असते.

‘हे आम्हाला २००० च्या आसपासच कळलं,’ टेक्सासवाली म्हणाली. ‘प्रत्येक तपासणीला ०५०२एफ लाव. त्याचे पैसे शून्य, पण नोंद होते. पॅकेजचं वजन आपसात वाटायचं सूत्र मी तुला पाठवते. आणि मागच्या वर्षाचं हाताने मोज.’

हाताने मोजायचं! आमची कोडर आणि मी तीन रात्री बसलो. अपॉइंटमेंटचं रजिस्टर एका बाजूला, बिलं दुसऱ्या बाजूला. थर्मासभर चहा. वर्षभरातल्या २,१४६ तपासण्या निघाल्या ज्यांचं वजन क्लिनिकच्या नावावर कुठेच लागलं नव्हतं. तिसऱ्या रात्री कोडर म्हणाली, यापेक्षा बाळंतपण सोपं होतं.

बैठकीत फायनान्सचा माणूस काही खलनायक वगैरे निघाला नाही. त्याने शांतपणे सगळं ऐकलं, आणि विचारलं, ‘मग हे आधी का नाही सांगितलंत?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

क्लिनिक बंद झालं नाही. पण तीनपैकी एक दुपार सहा महिन्यांनी गेलीच, आणि तिथल्या एका नर्सला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं गेलं. वर्षभर आधी ०५०२एफ लावायला सुरुवात केली असती तर कदाचित तीही वाचली असती. काही शे डॉलर वाचवले होते ना मी!

आकड्यांची भिशी

त्यानंतर नवऱ्याला संघटना म्हणजे काय ते सांगता आलं. भिशी. माझी आई चाळीत भिशी चालवायची, त्यामुळे फंडा लगेच क्लिअर. दरवर्षी प्रत्येक विभाग आपले आकडे टाकतो : किती डॉक्टर, किती सहायक, किती प्रसूती, रात्रपाळीचे किती पैसे. जो टाकतो त्यालाच सगळ्यांचा गोळाबेरीज तक्ता मिळतो. जो टाकत नाही त्याने बाहेर उभं राहायचं.

फक्त या भिशीत कुणी कुणाच्या मुठीत डोकवायचं नाही. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला एक कागद मोठ्याने वाचला जातो : पगार, दर, विमा कंपनीशी ठरलेली किंमत यावर इथे गप्पा नकोत. अमेरिकेत प्रतिस्पर्धी संस्थांनी असे आकडे आपसात सांगून पगार किंवा दर ठरवले तर थेट कायदा अंगावर येतो. १९९६ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत एक सुरक्षित रस्ता होता. आकडे तिसऱ्याच कुणीतरी गोळा करायचे, ते किमान तीन महिने जुने हवेत, किमान पाच संस्थांचे हवेत आणि कुठल्याही एकीचा वाटा २५ टक्क्यांच्या वर नको. २०२३ मध्ये सरकारने त्या सूचनाच मागे घेतल्या, आणि तेव्हापासून आमचे वकील आणखी सावध झालेत. त्यामुळे ‘तुझ्याकडे नव्या डॉक्टरला किती देतात गं?’ हा आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतसुद्धा चालणारा प्रश्न इथे जेवणाच्या टेबलावर विचारला की सगळ्यांचे काटे-चमचे थांबतात. माझे थांबवलेत मी एकदा. पोपट!

वार्षिक संमेलनाबद्दलही खरं सांगते. पहिल्या वर्षी मी गळ्यात नावाचा बिल्ला आणि हातात थंड कॉफी घेऊन एका खांबाला टेकून पाऊण तास उभी होते. माझं आडनाव पाच जणींनी पाच तऱ्हांनी उच्चारलं. निम्मी मंडळी नोकरी शोधायला आलेली, काहींचे वर्षानुवर्षांचे घट्ट कंपू. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी चार कापडी पिशव्या दिल्या, त्यांतली एक अजून मेथी आणायला वापरते. भाषणं निम्मी ऐकण्यासारखी. पण दुसऱ्या दिवशी नाश्त्याला एकजण म्हणाली, ‘आमच्याकडे रात्रीची ड्युटी कुणी घेत नाही,’ आणि टेबलावरच्या सातही जणींनी एकदम मान हलवली. असं एकाच वेळी हललेलं मी ऑफिसात कधी पाहिलं नव्हतं.

मोठ्या संघटनाही आहेत. क्लिनिक चालवणाऱ्यांची एमजीएमए १९२६ पासूनची, हॉस्पिटल चालवणाऱ्यांची एसीएचई १९३३ पासूनची. त्यांच्या परीक्षा आहेत आणि नावापुढे लावायला अक्षरं आहेत. ती अक्षरं बायोडेटावर वजनदार दिसतात, नाकारत नाही. डॉक्टरांच्या संघटना तर विचारूच नका. आपली फॉग्सी १९५० ची, अमेरिकेतली एसीओजी १९५१ ची. एका वर्षाने आपण पुढे! पण ५९४०० ने क्लिनिकचा गळा कसा आवळला जातो, हे मला कुठल्या अक्षरांनी सांगितलं नसतं. त्यासाठी तोच मार खाल्लेली बाईच हवी.

फोन लागतो

२०१९ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाचं हानेमन हॉस्पिटल दिवाळखोरीत जाऊन बंद पडायला आलं. साडेपाचशेहून जास्त रेसिडेंट आणि फेलो एका फटक्यात रस्त्यावर. आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा आला तो वेगळ्याच कारणाने : ‘टेल’. म्हणजे डॉक्टर नोकरी सोडून गेल्यावर जुन्या केसेसवर दावा झाला तर त्याला संरक्षण देणारा विमा. प्रसूतीत याचं महत्त्व भयंकर, कारण बाळाच्या बाबतीतला दावा कित्येक वर्षांनीही येऊ शकतो. तिथे हे पैसे कोण भरणार यावरून कोर्टापर्यंत गेलं आणि २०२० मध्ये तडजोड झाली. त्या आठवड्यात आम्ही तीस-चाळीस जणी एका कॉलवर होतो, आणि प्रत्येकीने आपापल्या करारांतलं टेलचं कलम शोधून काढलं. माझ्या चार करारांत ते धड लिहिलेलंच नव्हतं.

मग मार्च २०२०. न्यूयॉर्कमधल्या काही हॉस्पिटलांनी कोविडमुळे नवऱ्यालाही प्रसूतीच्या खोलीत यायला बंदी केली, आणि राज्य सरकारला आठवड्याभरात ती उठवावी लागली. आमच्याकडे त्या बुधवारी संध्याकाळपर्यंत निर्णय हवा होता. विभागप्रमुख विचारत होते, इतर काय करतायत? मी सहा फोन केले. सहाच्या सहा उचलले गेले. एक जण गाडीत रडत होती, पण तिने उचलला. आम्ही एका जोडीदाराला परवानगी ठेवली, मास्क लावून, खोलीबाहेर न पडण्याच्या अटीवर.

‘हे तुझं अमेरिकेतलं ठीक आहे, आमचं काय?’ असं माझी मैत्रीण म्हणाली. ती मुंबईत सीए आहे आणि कंपनीत एकटीच टॅक्स बघते. मी तिला म्हटलं, तुमची तर बॉम्बे चार्टर्ड अकाउंटंट्स सोसायटी १९४९ पासूनची आहे. अभ्यासवर्ग, व्याख्यानं, सगळं. सक्ती नाही म्हणून गेली नाहीस ना? गप्प बसली. तुमच्या ऑफिसात तुमच्यासारखे दहा जण शेजारी बसत असतील तर कदाचित तुम्हाला संघटनेची घाई नाही, कँटीन पुरेल. पण लायब्ररी सांभाळणारी एकटी, कंपनीतली एकटी सेफ्टी ऑफिसर, कॉलेजातली एकटी समुपदेशक... अशा कुणी असाल तर दोन गोष्टी विचारून बघा. यंदाचे आकडे मेंबरांना मिळतात का? आणि अडचण आली तर फोन कुणाला करायचा, त्या माणसाचं नाव सांगतात का? दोन्हीला ‘नाही’ असेल तर पैसे वाचवा. नुसत्या कापडी पिशव्या बाजारातही मिळतात.

टेक्सासवाली गेल्या वर्षी निवृत्त झाली. तिचा मेंटॉरचा कोटा आता माझ्याकडे आलाय, दोन नव्या मुली. एक दर आठवड्याला फोन करते, दुसरी अजिबात करत नाही. मला काळजी दुसरीची वाटते, म्हणून मीच लावते.

आईला काय काम करते ते अजून पटलेलं नाही. मागच्या रविवारी म्हणाली, ‘म्हणजे बाळंतपणाचे हिशोब ठेवतेस.’ हे वाक्य काकूंना सांगता येईल, असं आमचं ठरलं. बाकी यंदाची फी ३१ तारखेच्या आत भरायचीय. आता ऑफिस भरतं, पण फॉर्मवर विभागप्रमुखांची सही लागते, आणि ते सकाळी सातपासून थिएटरमध्ये आहेत.